अकेडियन वंशावळ शोधताना या चुका टाळा: एका अभियंत्याच्या वहीतून

आडनाव जुळलं, गाव जुळलं, सालही जवळपास जुळलं, म्हणजे माणूस तोच! वंशावळ शोधणारे बहुतेक जण इथेच घसरतात. अकेडियन, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या फ्रेंचांच्या वंशजांच्या, घराण्यांच्या बाबतीत तर ही घसरण ठरलेली, कारण मोजक्या कुटुंबांतून वाढलेल्या या समाजात तीच नावं आणि तीच आडनावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली.

कॅनडातल्या मॉन्क्टनमध्ये ज्यांच्या हाताखाली मी पुलांची कामं शिकलो, ते अभियंते स्वतः अकेडियन होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या घराण्याचा शोध घेतला, तोही आराखड्याची आकडेमोड तपासावी तितक्याच कडकपणे. त्यांच्या वहीत प्रत्येक पूर्वजापुढे दोन रकाने असत: ‘कागद काय म्हणतो’ आणि ‘मला काय वाटतं’. पहिला रिकामा असेल तर दुसऱ्यातलं काहीही वंशवृक्षावर चढत नसे. ते आता नाहीत. इकडच्या काही मराठी घरांत अकेडियन सुना-जावई आहेत. नातवंडांचं एक मूळ सातारा-कोल्हापूरकडे, तर दुसरं ग्रां-प्रे या जुन्या अकेडियन गावाला. या घरांचे प्रश्न माझ्याकडे येतात तेव्हा मी त्या अभियंत्यांचीच पद्धत सांगतो.

थोडी पार्श्वभूमी. १६०४पासून फ्रेंच लोक आजच्या नोव्हा स्कॉशिया आणि न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यांवर वसू लागले. १७१३च्या उट्रेक्टच्या तहाने अकेडिया नावाचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १७५५मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स यांच्या राजवटीत अकेडियनांची हद्दपारी सुरू झाली आणि १७६३पर्यंत ती टप्प्याटप्प्याने चालली. कुटुंबं फुटली, कागदही विखुरले.

टोपणनावावरून घराणं ठरवू नका

जुन्या कागदांत आडनावापुढे ‘दि’, म्हणजे ‘ऊर्फ’, लावून दुसरं नाव येतं. जोसेफ ब्रूसार दि बोसोलेय हे त्यातलं प्रसिद्ध नाव. नोंद करणारा कधी फक्त हे दुसरंच नाव लिहून मोकळा होतो. आता ‘लाव्हर्द्युर’ घ्या. १६५४मध्ये इंग्रजांनी अकेडियाचं मुख्य ठाणं पोर्ट-रॉयल घेतलं तेव्हा तिथे फ्रेंचांच्या बाजूने अधिकारावर असलेल्या जर्मां दुसे यांना हे नाव होतं. आणि १६५७मध्ये इंग्लंडहून आलेल्या, मेलांसाँ घराण्याच्या मूळपुरुषालाही हेच नाव होतं. दोन्ही घराण्यांचा एकमेकांशी संबंध नाही. नुसत्या ‘लाव्हर्द्युर’वर भिस्त ठेवली, तर एकाचा मुलगा दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो.

पुढे इंग्रजी मुलखात आडनावांची भाषांतरंही झाली: लब्लांचे व्हाइट झाले, प्वारिएंचे पेरी. पण म्हणून अमेरिकेतला प्रत्येक व्हाइट लब्लां ठरत नाही. बायकांच्या बाबतीत मात्र फ्रेंच कॅथलिक नोंदी उदार आहेत. लग्नानंतरही त्यांचं माहेरचं आडनाव टिकतं, तेव्हा आजीला सासरच्या आडनावाखाली शोधत बसू नका.

जनगणना म्हणजे जन्मदाखला नव्हे

१६७१ची पोर्ट-रॉयलची जनगणना हा या शोधातला सर्वांत मोलाचा कागद. ती धर्मगुरू लोराँ मोलँ यांनी घरोघर जाऊन केली, आणि सगळ्यांनी त्यांना नीट उत्तरं दिली असं अजिबात नाही. पियेर मेलांसाँ या शिंप्याने वय आणि गुरांची संख्या सांगायला नकार दिला. असल्या गोष्टींसाठी रस्त्याने फिरायला तुम्ही वेडे आहात का, असं त्याच्या बायकोने विचारलं. लाकडी पिंपं बनवणारा पियेर लानू म्हणाला, माझी तब्येत बरी आहे, वय मात्र सांगणार नाही. एतिएन रोबिशोने तर समोर यायचंच टाळलं. मोलँ यांनी हे सगळं लिहून ठेवलं, हे आपलं भाग्य. जिथे वय दिलंय तिथेही १६७१, १६८६ आणि १६९३च्या जनगणनांचे आकडे शेजारी मांडून बघा, काही वर्षं इकडेतिकडे होतातच. आमचे अभियंते जन्मसाल कधी एकटं लिहीत नसत, ‘१६४८ ते १६५२’ असा पल्ला लिहीत. तुम्हीही तसंच लिहा.

रजिस्टर सापडलं नाही म्हणजे नोंदच नव्हती, असं धरू नका

पोर्ट-रॉयलच्या चर्चची १७०२पासूनची रजिस्टरं नोव्हा स्कॉशियाच्या अभिलेखागारात आहेत. ग्रां-प्रेची वाचलेली रजिस्टरं मात्र तिथे शोधून उपयोग नाही, ती विस्थापितांबरोबर लुइझियानाला गेली आणि आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. पूर्वज १७५५नंतर एकदम गायब झाला, तर तो एकाच दिशेला गेला असंही समजू नका. मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, इंग्लंडची बंदरं, फ्रान्समधलं सँ-मालो अशा सगळ्या वाटा बघाव्या लागतात. फ्रान्समध्ये पोचलेल्यांपैकी सुमारे १६०० जण १७८५मध्ये सात जहाजांनी लुइझियानाला गेले, म्हणजे काही कुटुंबांनी अटलांटिक दोनदा ओलांडला.

लग्नाच्या नोंदीतली ‘सूट’ वगळून पुढे जाऊ नका

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यात सर्वांत जास्त हातचं जातं. जवळच्या नात्यात लग्न करायचं तर चर्चची परवानगी लागे, आणि पाद्री नात्याची पायरी नोंदीत लिहून ठेवी. चुलत-मावस-मामे-आते भावंडं म्हणजे दुसरी पायरी. पणजोबा-पणजी समान असतील तर तिसरी. खापरपणजोबा समान असतील तर चौथी. समजा, नवऱ्याच्या एका आजीचे आईवडील कोण हे कुठेच मिळत नाही, पण नोंदीत तिसऱ्या पायरीची सूट आहे. मग दोघांचे सगळे ज्ञात पणजोबा-पणजी मांडायचे. ज्ञात पूर्वजांत कुणीच समान निघाला नाही, तर तो दुवा नवऱ्याच्या किंवा नवरीच्या अज्ञात फांदीतूनच येतो. अशा दोन-तीन भावंडांच्या लग्नांच्या सुटी एकत्र ठेवल्या की अज्ञात आजीला जागा सापडते. मॉन्क्टन विद्यापीठाच्या अकेडियन अध्ययन केंद्रात स्टीफन व्हाइट यांनी १७१४पर्यंतच्या कुटुंबांचा जो कोश केला, त्यात अनेक कोडी अशीच सुटली आहेत.

दोन पथ्यं मात्र पाळा. ‘रक्ताचं नातं’ आणि ‘सोयरिकीचं नातं’ वेगळं वाचा. विधुराने पहिल्या बायकोच्या नातलगाशी लग्न केलं तरी सूट लागे, त्यातून नवऱ्याचे स्वतःचे पूर्वज कळत नाहीत. आणि ‘तिसरी ते चौथी’ असं लिहिलं असेल, तर दोघांच्या बाजूला पिढ्या सारख्या नाहीत.

आठवणीतून सांगितलेलं आणि त्याच वेळी लिहिलेलं, यांना एकच वजन देऊ नका

१७६५मध्ये फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर ७८ अकेडियन कुटुंबं वसवली गेली, आणि १७६७मध्ये त्यांनी आपापली वंशावळ शपथेवर सांगितली. हद्दपारीत कागद हरवलेल्यांसाठी हा खजिनाच. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा मूळपुरुष फ्रान्समधून बायकोला घेऊन आला की अकेडियात येऊन लग्न केलं, हे नातवा-पणतवाच्या तोंडून आलेलं आहे. त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या वहीत आपले लोक सांगतात तसंच हे: जवळच्या दोन पिढ्या पक्क्या, वरच्या तपासून घ्यायच्या.

तारखांचंही लक्ष ठेवा. फ्रेंच रजिस्टरं ग्रेगोरियन दिनदर्शिकेने चालतात, तर इंग्रज अधिकाऱ्यांचे कागद १७५२पर्यंत ज्युलियन, म्हणजे अठराव्या शतकात ११ दिवस मागे.

डीएनए चाचणीला शेवटचा शब्द देऊ नका, पण तिचं ऐकाच

आपसात लग्नं झालेल्या समाजात दूरचे भाऊबंदही चाचणीत जवळचे दिसतात. ‘तिसरं चुलत भावंड’ असा निकाल आला तर नातं प्रत्यक्षात बरंच मागचं आणि चारपाच वाटांनी आलेलं असू शकतं. दुसरीकडे, याच चाचणीने जुनी समजूत मोडलीही आहे. १६४१च्या सुमारास जन्मलेले धाकटे जर्मां दुसे हे वर आलेल्या थोरल्या जर्मां दुसे यांचे पुत्र असं धरलं जायचं. त्यांच्या पुरुषवंशजांच्या वाय-डीएनएत (जो बापाकडून मुलाकडे जातो) अमेरिकेतल्या मूळनिवासींचा हॅप्लोग्रुप (वंशगट) सी निघाला, म्हणजे रक्ताने ते थोरल्यांचे पुत्र नव्हते. लजन आडनावाच्या जुन्या अकेडियन बहिणींचं उलट झालं. त्या तिथल्या मिकमॅक या मूळनिवासी जमातीच्या असाव्यात असं अनेक जण सांगत, पण त्यांच्या मातृवंशाचा हॅप्लोग्रुप यू६ए निघाला आणि तो मूळनिवासी नाही. घराण्यात मूळनिवासी रक्त असावं ही इच्छा, किंवा नसावं ही इच्छा, दोन्ही ‘मला काय वाटतं’च्या रकान्यात.

शेवटी, शोध संगणकात कोंडून ठेवू नका. प्रत्येक दुव्याखाली रजिस्टर, पान आणि तारीख लिहा, न जुळलेल्या माणसांची यादी वेगळी करा आणि एक छापील प्रत मॉन्क्टनच्या त्या केंद्राकडे किंवा जवळच्या अभिलेखागाराकडे देण्याबद्दल विचारा. न जुळलेल्यांची यादी आधी द्या. पुढच्या शोधकाला तिचाच जास्त उपयोग होतो.