आजारी कोंबडीची घरी शुश्रूषा करताना या चुका टाळा

मिरगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ओळखीपाळखीच्यांचे फोन येऊ लागतात. "कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसलीय, दाणा टिपत नाही. काय पाजू तिला?" दर वर्षी हाच प्रश्न, आणि चूक त्या प्रश्नातच आहे. पहिले दोन-तीन तास काहीही पाजायचं नाही. तिला आधी ऊब हवी.

कोंबडीचं अंग ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा चार-पाच अंश गरम. ती धग टिकते पोटातल्या दाण्यावर. खाणं सुटलं की धग उतरते, म्हणून ती पिसं फुगवते. त्यात आपल्याकडचा पावसाळा म्हणजे चिऱ्याच्या भिंतीलाही ओल. अशा वेळी तिला पडवीत टोपलीखाली झाकून औषध शोधायला धावू नका. पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या, तळाला वर्तमानपत्र आणि कोरडं तूस घाला, घरातल्या शांत खोलीत ठेवा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ऊब द्या. तिथे ३० अंशांच्या आसपास पुरे. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे गरम झालं तर ती स्वतः सरकते. चोच उघडून धापा टाकू लागली तर ऊब जास्त झाली असं समजा. बल्ब लावणार असाल तर जुना तारेचा, ४० किंवा ६० वॉटचा लावा. एलईडीचा उजेड पडतो, ऊब मिळत नाही. हे मी दर पावसाळ्यात दहा जणांना सांगते. आणि वीज जाणारच आहे, तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तयार ठेवा.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती. चोच उघडून पाणी ओतणं.

माझी काबरी अशीच गेली. जुलै महिना होता, तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. काबरी मान आत ओढून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी तिला मांडीवर घेतलं, बोटांनी चोच उघडली आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणातून हळदीचं कोमट पाणी आत ओतलं. शेजारच्या मावशींनी त्यात थोडी फेणी घालायला सांगितलं होतं, तीही घातली होती. काबरीने मान झटकली, गळ्यात घरघर वाजली आणि काही मिनिटांत तिने माझ्या मांडीवरच मान टाकली. आजार मोठा होता म्हणून गेली, असंच मी पुढचे कितीतरी महिने समजत होते.

नंतर एकदा दुसरी कोंबडी घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांनी तिची चोच उघडून मला दाखवलं. जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध, एक बारीक फट असते. श्वासाबरोबर ती उघडते, मिटते. तीच श्वासनळीची वाट. आपल्या घशात असते तशी झाकणी पक्ष्यांना नसते. जिभेवर ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ फुफ्फुसात उतरतं. काबरीला आजाराने नव्हे, मी मारलं होतं.

तेव्हापासून माझी एकच पद्धत. वाटी पुढे धरायची आणि चोचीचं टोक पाण्यात टेकवायचं. पीत नसेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा. ती तो आत घेते, मान वर करून गिळते. गिळल्याचं दिसलं की मगच दुसरा थेंब. पाच-सहा थेंब झाले की थांबायचं, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. मान लोंबत असेल तर थेंबही नाही. यात अख्खी दुपार जाते. तेवढा वेळ नसेल तर कोंबडी दवाखान्यात न्या, पण घाईने ओतू नका. आणि फेणी कोणत्याही आजारावर देऊ नका, सर्दीवरसुद्धा.

खाण्याचं तसं सोपं आहे, फक्त आधी पिशवी चाचपायची. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. रिकामी असेल तर उकड्या तांदळाची पेज, मऊ शिजलेल्या शितांसकट आणि मिठाशिवाय. सकाळीही पिशवी दगडासारखी घट्ट लागली, किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत होऊन तोंडाला आंबूस वास आला, तर वरून काहीच भरू नका, डॉक्टरांना दाखवा. पिशवी रिकामी करायला कोंबडी उलटी धरतात, तेही नको. वर आलेलं पाणी त्याच फटीतून आत जातं.

विष्ठेवर लक्ष ठेवा, वर्तमानपत्र त्यासाठीच घातलंय. पांढरी टोपी असलेली विष्ठा चांगली. अधूनमधून तपकिरी, चिकट, घाण वासाची पडते, तीही नेहमीचीच, घाबरू नका. हिरवी आणि पातळ म्हणजे पोटात काही नाही. रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रक्ती हगवणीवर डॉक्टर बहुतेकदा पाण्यातून द्यायला अँप्रोलियम देतात, आणि मग हौशी माणसं भूक वाढावी म्हणून त्याच पाण्यात बी व्हिटॅमिनचं औषध मिसळतात. अँप्रोलियमचं कामच मुळी हगवणीच्या जंतूंना बी-१ व्हिटॅमिन मिळू न देणं हे आहे. तुम्ही बी-१ पुरवलं की औषध वाया गेलं.

घरातल्या माणसांच्या गोळ्या तर नकोच नकोत. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांची मढी खाऊन या देशातली गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केलं. पक्ष्याचं मूत्रपिंड असल्या गोळीपुढे टिकत नाही. उरलेली अँटिबायोटिक्सही तशीच ठेवा. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, विषाणूने होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. तिला लस हाच उपाय, आणि ती पिल्लं लहान असतानाच. लस न टोचता वर्षभर राहायचं आणि मान वाकडी झाल्यावर रात्री अकराला औषध विचारायचं, याचा मला मनापासून त्रास होतो.

तुऱ्यावर देवीच्या खपल्या आल्या तर त्या उपटू नका, आपसूक गळतात. डास मात्र आवरा, हा रोग तेही पसरवतात.

अंडं अडकलं असेल तर कोंबडी बूड खाली टाकून ताठ उभी राहते आणि पुन्हा पुन्हा जोर लावते. कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास बसवा, मग उबेत ठेवा. पोट दाबू नका, आत अंडं फुटलं तर जीवावर बेततं. काही तासांत पडलं नाही तर दवाखाना.

दोन-तीन दिवसांत एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या तर मात्र शुश्रूषा थांबवा. हात लावू नका, मढी ओहोळात टाकू नका, पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्याला लगेच कळवा.

शेवटची चूक कोंबडी बरी झाल्यावरची. तिने दाणा टिपला, जरा आरवल्यासारखं केलं की माणसं त्याच दुपारी तिला कळपात सोडतात. चार दिवस दिसली नाही की बाकीच्या तिला परकी धरतात, आणि अशक्त कोंबडीच्या डोक्यावर टोचून टोचून रक्त काढतात. माझी तांबडी रक्ती हगवणीतून उठली आणि अशी डोक्याची जखम घेऊन पुन्हा आठ दिवस खोक्यात आली. आता मी रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. ते सलग चार-पाच दिवस वाढलं, छातीचं हाड हाताला टोचेनासं झालं की खोका दिवसभर खुराड्याशेजारी जाळीआड ठेवते, म्हणजे सगळ्या एकमेकींना बघतात. दोन-तीन दिवसांनी, काळोख पडल्यावर, तिला अलगद बाकीच्यांबरोबर काठीवर बसवते. सकाळी खुराडं मीच उघडते. दाणा दोन ठिकाणी टाकते आणि पहिला अर्धा तास तिथून हलत नाही.