एक्सलचा बूट घरी बदलताना: गॅरेजचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पऱ्हाटी उपटल्यावर शेतात राहिलेली धसकटं आणि पांदणीवरची काळी माती, या दोन गोष्टी आपल्याकडे एक्सलचे जितके बूट खातात तितके गाडीचं वय खात नाही. बूट म्हणजे सीव्ही जॉइंटवरचं, म्हणजे एक्सलच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकाला असलेल्या, चाक वळलं तरी फिरणाऱ्या सांध्यावरचं रबरी घडीचं टोपण. ते फाटलं की फिरत्या एक्सलमधून ग्रीस बाहेर फेकली जाते आणि तिच्या जागी माती शिरते. त्या मातीने छर्रे आणि त्यांच्या खाचा घासल्या जातात. आवाज येण्याआधी बूट बदलला तर जॉइंट वाचतो. आवाज सुरू झाल्यावर नवी ग्रीस भरणं म्हणजे गिऱ्हाईकाला आठ दिवसांची तसल्ली देणं.

खालचं सगळं पुढची चाकं ओढणाऱ्या लहान गाड्यांसाठी आहे. बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या शाफ्टला क्रॉस असतात, ते काम निराळं.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू ॲक्सिलेटर द्या. कटकट आली तर बाहेरचा जॉइंट. सरळ चढावर जोर देताना गाडी थरथरली तर संशय आतल्या जॉइंटवर. मात्र ठराविक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा. उगाच एक्सल काढून बसू नका.

सामान: दोन्ही बूट, क्लिपा, नवं लॉक (जॉइंट शाफ्टवर अडकवणारी स्प्रिंगची कडी), नवा एक्सल नट, मॉलिब्डेनमची काळी ग्रीस आणि गिअर ऑइल. एक्सल नटाला बहुतेक वेळा 30 किंवा 32 ची गोटी (सॉकेट) लागते. अंगणातल्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी टाका. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतल्याशिवाय खाली जायचं नाही.

एक्सल नट चाक जमिनीवर असतानाच, कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवून ढिला करा. त्याआधी नटाची ठोकलेली कड छिन्नीने वर उचला, नाहीतर आटे जातात. मग गिअर ऑइल काढा, खालचा बॉल जॉइंट सोडवा आणि हबमधून (चाक बसतं त्या भागातून) शाफ्ट मोकळा करा. अडकला तर जुना नट शाफ्टच्या टोकाबरोबर फिरवून ठेवा आणि वर लाकूड धरून ठोका. उघड्या आट्यांवर हातोडा नको. आतलं टोक गिअरबॉक्समधून पहारीने, ऑइल सीलला धक्का न लावता, उचकटून काढायचं. बाहेरून शाफ्ट धरून ओढलात तर आतला तीन रोलरवाला जॉइंट बुटातच सुटतो. नवशिके इथेच हमखास फसतात.

शाफ्ट व्हाइसमध्ये लाकडाचे तुकडे लावून धरा. जॉइंट खोलण्याआधी शाफ्ट, स्पायडर (आतल्या जॉइंटचा तीन रोलरवाला तुकडा) आणि बाहेरची वाटी यांवर खुणा करा. जे भाग एकमेकांत घासून बसले आहेत, ते तसेच परत बसले पाहिजेत. बाहेरचा जॉइंट बऱ्याच गाड्यांत आतल्या रेसवर (शाफ्टवर बसलेल्या खाचांच्या कडीवर) पितळी दांड्याने ठोकून निघतो. छर्रे धरून ठेवणाऱ्या जाळीवर ठोकू नका. काही गाड्यांत लॉक आधी फाकवावं लागतं.

रॉकेल किंवा डिझेलने धुऊन भाग पूर्ण कोरडे करा. जाळी तिरपी करून छर्रे एकेक काढा आणि क्रमाने मांडा. खाचेत नुसती चकाकी असेल तर चालतं. नख अडकेल असा खड्डा दिसला, किंवा जाळीच्या खिडकीत छर्रा खुळखुळला, तर जॉइंट बदला. घरी त्यावर इलाज नाही.

बसवताना शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळून बूट चढवा. बूट आधी, जॉइंट नंतर. हा क्रम चुकला की सगळं परत खोला. किटमधल्या पुडीतली सगळी ग्रीस वापरा, त्यातली बरीचशी छर्‍यांमध्ये दाबून आणि उरलेली बुटात. पिवळी साधी ग्रीस इथे टिकत नाही. लहान क्लिप आवळण्याआधी बुटाच्या ओठाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घालून कोंडलेली हवा सोडा. नाहीतर बूट फुगून किंवा आत चिमटून लवकर फाटतो.

एक्सल नटाचा टॉर्क (आवळण्याचा पिळाचा जोर) लहान गाड्यांत साधारण 200 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. गाडीगणिक फरक पडतो, म्हणून नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. टॉर्क पाना नसेल तर अंदाजापुरतं एवढं ध्यानात ठेवा: एक मीटर पाइपच्या टोकाला 20 किलो जोर दिला की जवळपास तेवढा होतो. पाइपवर उभं राहून आवळलेला नट बेअरिंग खातो, ढिला राहिलेलाही खातो. नट आवळेपर्यंत गाडी ढकलायचीसुद्धा नाही. आवळून झाला की नटाची कड खाचेत ठोका आणि गिअर ऑइल लेव्हलपर्यंत भरा.

शंभरेक किलोमीटरनंतर चाकाच्या रिमची आतली बाजू बघा. तिथे ग्रीसचे ताजे शिंतोडे दिसले तर क्लिप नीट बसलेली नाही. रबर शाबूत असेल तर नवी क्लिप लावून काम होतं.