गोल्डन बॅरल कॅक्टस: पाण्याचा हात आखडता ठेवा, बाकी तो बघून घेतो

गोल्डन बॅरल घरी आणला की वर्षभरात एकच प्रश्न, हा वाढतोय की नाही? वाढतोय हो, फक्त त्याच्या चालीनं. वर मधोमध जी लोकर असते ना तिथं बघा, नवीन काटे पिवळेधमक निघत असतील तर झाड खुशीत आहे, उंची मोजत बसू नका. फुटबॉलएवढा व्हायला दहाएक वर्षं सहज जातात आणि फुलं तर त्याहूनही पुढची गोष्ट.

हा मूळचा मेक्सिकोतल्या केरेतारो भागातल्या खडकाळ उतारांवरचा, तिथं पाऊस पडला की पाणी थांबतच नाही, म्हणून कुंडीतही पाणी थांबता कामा नये. अर्धी माती आणि अर्धी बारीक खडी किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), एवढं पुरतं. एकदम बारीक वाळू घालू नका, ती घट्ट बसते. कुंडी झाडापेक्षा इंच-दोन इंचच मोठी, खाली भोक हवंच.

आता पाणी, कारण बहुतेक बॅरल पाण्यानंच मरतात. लाकडी काडी तळापर्यंत खुपसायची, ओलसर निघाली तर पाणी नाही, कोरडी निघाली तर भरपूर द्यायचं आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं, थंडीत मात्र जवळपास बंदच. माझा आठ वर्षांचा एक असाच गेला, वरून हिरवागार, काटे कडक, आणि उचलून बघितलं तर बुड मऊ पडलेलं, वासही येत होता, फार वाईट वाटलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा बुडाशी काडीनं दाबून बघतेच. तहानलेला बॅरल थोडा आक्रसतो, पाणी मिळालं की शिरा भात्यासारख्या परत फुगतात, त्यामुळे उशीर झाला तरी घाबरू नका.

ऊन भरपूर पाहिजे. कमी पडलं तर वरचा भाग फिकट आणि निमुळता होतो, तो आकार नंतर सुधारत नाही. पण सावलीतलं झाड एकदम कडक उन्हात ठेवलंत तर साल भाजते आणि तो डाग कायमचा राहतो, म्हणून दोन-तीन आठवडे हळूहळू सरकवत न्या.

कुंडी बदलताना हातमोज्यांच्या भरवशावर राहू नका, काटे आरपार जातात. वर्तमानपत्राची जाड पट्टी करून झाडाभोवती गुंडाळायची, दोन्ही टोकं धरून उचलायचं, मुळांवरची जुनी माती बोटांनी झाडायची. काळी, पोकळ मुळं काढून टाका आणि नवीन कुंडीत लावल्यावर आठवडाभर पाणी नको, जखमा सुकू द्या.

काट्यांच्या बुडाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर नीट बघा, वरची लोकर त्याची स्वतःची असते पण बाजूच्या खाचांमधला कापूस म्हणजे बहुतेक मिलीबगच, रस शोषणारी पांढरी कीड. कानकाडी अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक टिपायचा, संध्याकाळी, आणि आठवड्यानं परत.