कॅलिफोर्नियात घराच्या डीडवर जोडीदाराचे नाव कसे चढवावे

आपल्याकडे दस्तनोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकासमोर बसणे, फोटो, अंगठा, साक्षीदार. कॅलिफोर्नियातल्या काउंटी रेकॉर्डरला मात्र तुम्ही समोर यायलाच हवे असे नाही, डीड, म्हणजे मालकीचा दस्त, टपालाने पाठवले तरी चालते. ही सोय फसवी आहे. कागदाची मांडणी, नोटरीचा शिक्का आणि फी जुळली की नोंद होते. डीडमधला मजकूर तुमच्या हिताचा आहे का, हे तिथे कोणी बघत नाही.

आधी घर घेताना नोंदवलेले जुने डीड काढा. एपीएन, म्हणजे असेसरने (करासाठी मिळकतीचे मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) दिलेला पार्सल नंबर, आणि मिळकतीचे कायदेशीर वर्णन त्यातून अक्षरशः उतरवून घ्यायचे. नुसता घराचा पत्ता पुरत नाही.

आपली माणसे अडतात ती नावाशी. मधले नाव कधी वडिलांचे, कधी नवऱ्याचे, कुठे नुसते आद्याक्षर. आडनाव लग्नाआधीचे की नंतरचे, हा आणखी घोळ. देणाऱ्याचे नाव जुन्या डीडवर जसे असेल तसेच हवे. दरम्यान नाव बदलले असेल, तर नव्या नावापुढेच मालकी पूर्वी कोणत्या नावाने घेतली होती ते लिहितात. आणखी एक: नवऱ्याचे एकट्याचे घर दोघांच्या नावावर करायचे असेल, तर देणारा नवरा आणि घेणारे दोघे. घेणाऱ्यांत फक्त बायकोचे नाव लिहिले, तर नवऱ्याची मालकीच संपते!

मग डीडचा प्रकार ठरवा. पती-पत्नींसाठी इंटरस्पाउजल ट्रान्सफर डीड वापरतात, ग्रँट डीड, म्हणजे हस्तांतराचे नेहमीचे डीड, तेही चालते. त्यात दोघे मालकी कशी धरणार, हे स्पष्ट हवे: जॉइंट टेनन्सी, म्हणजे समान वाट्यांची संयुक्त मालकी, की राइट ऑफ सर्व्हायव्हरशिपसह कम्युनिटी प्रॉपर्टी, म्हणजे पती-पत्नींची सामायिक मिळकत. दोन्हींत एक गेला की घर मागे राहिलेल्याचे होते. दुसऱ्या प्रकारात घेणाऱ्यांनीही डीडवर मान्यतेची सही करण्याची पद्धत आहे. इथे वकिलाला दिलेले पैसे वाया जात नाहीत. जोडीदार अमेरिकेचा नागरिक नसेल तर भेटकराचे नियम वेगळे आहेत, तेव्हा सहीआधी सीपीएला, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालालाही विचारा.

पहिल्या पानावर वर उजवीकडची जागा रेकॉर्डरसाठी कोरी सोडा. डावीकडे नोंद कोण मागतो आहे आणि मूळ कागद कुठे पाठवायचा, ते लिहा.

सही देणाऱ्याने नोटरीसमोर करायची. फी एका सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर. अंगठा इथेही सुटत नाही, फक्त तो नोटरीच्या वहीत उमटतो. सही करणारा पुण्या-मुंबईत असेल, तर मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन सही करता येते. तिथे दर शिक्क्याला ५० डॉलर पडतात.

डीडसोबत मालकीबदलाचा प्राथमिक अहवाल, म्हणजे पीकॉर, जोडा. तो नसेल तर काउंटी २० डॉलर जादा घेऊ शकते. ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे हस्तांतरावरचा कर, साधारण किमतीच्या दर हजारी १.१० डॉलर असतो, काही शहरांचा वेगळा. मोबदला न घेता दिलेल्या भेटीवर तो लागत नाही, पण सवलतीचे कारण डीडवर लिहावे लागते. दस्तनोंदणीवर २०१८पासून लागणाऱ्या ७५ डॉलरच्या गृहनिर्माण फीचेही तसेच. स्वतः राहणाऱ्या मालकाला घर देताना ती माफ आहे, मात्र पहिल्या पानावर तसा उल्लेख हवा. पती-पत्नींमधल्या बदलाने मालमत्ता कराचे फेरमूल्यांकन होत नाही.

काउंटीच्या संकेतस्थळावरून चालू नोंदणी फी बघा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि कागद पाठवून द्या. नोंद होऊन मूळ डीड टपालाने परत येते. त्या सुमारास सरकारी दिसणारी पत्रेही येतात, 'तुमच्या डीडची प्रमाणित प्रत' अशी. ती खाजगी विक्री असते, फाडून टाका. कर्ज मात्र ज्याच्या नावावर होते त्याच्याच नावावर राहते. जोडीदाराचे नाव चढवले म्हणून बँक राहत्या घराचे कर्ज एकदम मागू शकत नाही, १९८२च्या संघीय कायद्याने तेवढे संरक्षण दिले आहे. टायटल विमा, म्हणजे मालकीहक्कातल्या दोषांविरुद्धचा विमा, नव्या मालकालाही लागू होतो का, हे टायटल कंपनीकडून लेखी घ्या.