दुचाकीला धडक बसली? आधी केसपेपर वाचा

अपघातानंतर दवाखान्यात कोणीतरी घाईत सांगतं, 'गाडीवरून पडला.' केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं. पुढे दाव्यात विमा कंपनीचा वकील नेमकं तेच वाक्य पुढे करतो: धडक झालीच नाही, हे स्वतःच घसरले! म्हणून सोबत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'मागून टेम्पोने धडक दिली', आणि गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला सांगा.

समोरचा जागेवरच पाच-दहा हजार देऊन 'आपसात मिटवू' म्हणेल. कशावरही सही करू नका. हाडाचं दुखणं किती लांबेल, हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. पोलिसांत नोंद करा, पंचनाम्याची प्रत मागा.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात नगरला झाला आणि तुम्ही पुण्यात राहत असाल, तरी तो पुण्यात करता येतो. कायद्यात मुदत अपघातापासून 6 महिन्यांची आहे, त्यामुळे प्लास्टर निघायची वाट पाहू नका. औषधांची बिलं, एक्स-रे, पगाराच्या स्लिपा एकाच फाइलीत ठेवा. बुडालेल्या पगाराचीही भरपाई मागता येते.

धडक देणारा पळून गेला आणि गाडीचा पत्ताच लागला नाही, तरी गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये सरकारी योजनेतून मिळतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अटही नाही.