हरणासाठी रिव्हॉल्व्हर : आधी अंतर ठरवा, मग कॅलिबर

हरणाच्या शिकारीसाठी मोठ्या कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे साधारण गोळीचा व्यास, इंचांत) रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणून जो कुणी माझ्याकडे येतो, तो आधी हेच विचारतो, ".44 घेऊ की थेट .500?" मी त्याला उलट विचारतो, किती यार्डांवरून मारणार आहेस? बाकीचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. मी ओहायोत राहतो, टूलरूममध्ये काम करतो आणि इथल्या व्हाइटटेल हरणांच्या शिकारीला रिव्हॉल्व्हर घेऊन जातो. खाली लिहिलंय ते अमेरिकेपुरतं आहे. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे.

कागदपत्रांचं आधी बोलून घेऊ, कारण आपली माणसं नेमकी तिथे अडकतात. ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व असेल तर व्हिसाचा मुद्दा येत नाही. पण एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत, आणि राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक. परवान्याची मुदत संपली की तो आधारही गेला. म्हणून खरेदीआधी वकिलाशी बोला, यात कंजुषी करू नका. डीलरकडून हँडगन घ्यायला वय 21 पूर्ण लागतं आणि ती तुम्ही राहता त्याच राज्यात ताब्यात मिळते. ओहायोत हरणासाठी हँडगनची नळी किमान 5 इंच लागते, आणि काडतूस सरळ भिंतीचं, म्हणजे तोंडाकडे निमुळतं न होणारं, .357 किंवा त्याहून मोठं. शेजारच्या राज्यात हेच नियम असतील असं धरून चालू नका. त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून बघा.

आता अंतर. सहा इंची कागदी थाळी घ्या. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग यापेक्षा मोठा असतो, पण जंगलात थंडीने आखडलेली बोटं आणि वाढलेले ठोके धरून एवढी सवलत ठेवायलाच हवी. रेंजवरच्या टेबलावर हात टेकवून मारलेलं मी मोजत नाही. झाडाला पाठ लावून, गुडघे वर घेऊन, त्यांवर कोपरं टेकवून बसा आणि मित्राचं रिव्हॉल्व्हर उसनं घेऊन 25 यार्डांपासून सुरुवात करा. ज्या अंतरापर्यंत सिलिंडरमधल्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागातल्या, सगळ्या गोळ्या थाळीत बसतात ते तुमचं अंतर. एक जरी बाहेर गेली तरी थाळीच्या जवळ यायचं. बहुतेकांचं अंतर 50 यार्डांच्या आसपास थांबतं आणि दाट झाडीत तेवढं पुरतं. बसताना एक मात्र जपा : सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून पेटता वायू बाजूला उडतो. तिच्याजवळ बोट, गुडघा, जॅकेटची बाही काहीही येता कामा नये. रायफलसारखा डावा हात नळीखाली धरायची सवय असेल तर ती आधी मोडा.

कॅलिबरचं बोलायचं तर .357 मॅग्नम कायद्यात बसतं, 1935 पासून लोक त्याने शिकार करत आलेत. पण नवख्याच्या हाती मी ते देत नाही, कारण त्यात चुकीला वाव फार कमी. .41 मॅग्नम हरणासाठी अगदी योग्य, फक्त काडतुसं शोधत फिरावं लागतं. .44 मॅग्नम हे माझं उत्तर आहे. आयडाहोचा शिकारी-लेखक एल्मर कीथ वर्षानुवर्षं .44 स्पेशल या जुन्या, मवाळ काडतुसात जड भार भरून पाठपुरावा करत राहिला, तेव्हा कुठे 1950च्या दशकाच्या मध्यात स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टनने मिळून ते बाजारात आणलं. 240 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला 1300 फुटांच्या आसपास निघते, हरणाच्या बरगड्यांतून आरपार जाते आणि माग काढायला दोन्ही बाजूंनी रक्त मिळतं. शिवाय त्याच सिलिंडरमध्ये .44 स्पेशल चालतं, म्हणजे उन्हाळाभर हलक्या काडतुसांवर हात बसवता येतो. 50 यार्डांवर नेम जुळवला तर 100 यार्डांवर गोळी साधारण पाच इंच खाली लागते. थाळीवर ठरलेलं अंतर मोडायचं नाही, ते यासाठीही.

.45 कोल्टही छान. पण त्यातली जोरकस काडतुसं फक्त रुगर ब्लॅकहॉकसारख्या दणकट रिव्हॉल्व्हरसाठी असतात, कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा त्याच्या नकलेत ती घातलीत तर सिलिंडर फुटेल. .454 कॅसूल, .460 आणि .500 स्मिथ अँड वेसन ही अस्वल, एल्क (खूप मोठ्या जातीचं हरीण) असल्या जनावरांची हत्यारं. हरणासाठी त्यांची गरज नाही, आणि त्यांच्या झटक्याने चाप दाबायच्या आधीच मनगट दचकायला लागतं. ही खोड एकदा लागली की जायला अख्खा हंगाम जातो. .454 किंवा .460 आधीच घरात असेल तर त्यात .45 कोल्ट भरा आणि निर्धास्त शिकारीला जा.

वजनाला घाबरू नका. साडेसात इंची नळीचं रुगर सुपर रेडहॉक दीड किलोच्या घरात जातं आणि तेच वजन झटका गिळतं. सहा ते साडेसात इंच नळी हा माझा पल्ला. त्याखाली आवाज आणि भडका वाढतो, वर गेलं की बसून नेम धरताना नळीचं टोक डुलतं. मूठ मात्र दुकानात हातात धरूनच ठरवा. सिंगल ॲक्शनची (ज्यात दर बाराआधी हॅमर, म्हणजे मागचा घोडा, हाताने ओढावा लागतो) जुन्या धाटणीची मूठ झटक्याबरोबर तळव्यात वर फिरते, डबल ॲक्शनची (ज्यात नुसता चाप दाबूनही बार निघतो) सरळ मागे येते. सुपर ब्लॅकहॉकच्या काही मॉडेलांत चापाच्या कड्याची मागची बाजू चौकोनी असते. मधलं बोट जाड असेल तर प्रत्येक बाराला ती त्याच्या सांध्यावर आपटते. तेच रिव्हॉल्व्हर बिस्ली मुठीत मिळतं, तिथे बोटाला जागा आहे. डबल ॲक्शन घेतलंत तरी हरणावर हॅमर मागे ओढूनच मारा, त्यामुळे तो ओढलेला असताना चाप किती स्वच्छ सुटतो तेवढंच बघा.

चाळिशी ओलांडली असेल तर लोखंडी नेमाचा हट्ट सोडा. मागची खाच, पुढचा कणा आणि हरीण तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, आणि पहाटेच्या उजेडात तर नाहीच. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारा नेम) किंवा हँडगनसाठीचा दोन पट मोठं दाखवणारा स्कोप लावा. रायफलचा स्कोप इथे चालत नाही, तो डोळ्याच्या अगदी जवळ धरावा लागतो.

जुनं घेणार असाल तर खिशात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ठेवा. सिलिंडर रिकामा आहे हे स्वतः बघा, मग दुकानदारालाही दाखवा. सिलिंडर मागे दाबून नळी आणि त्याच्यातली फट मोजा, मग पुढे दाबून पुन्हा मोजा. मागे दाबल्यावर चार ते सहा हजारांश इंच उत्तम, आठपर्यंत मी चालवून घेतो. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा खेळ. तो तीन हजारांशाच्या वर असेल तर किंमत पाडून मागा नाहीतर सोडा. मग सिलिंडरवर बोटाचा हलका अडसर ठेवून हॅमर अगदी सावकाश ओढा. हॅमर अडकण्याआधी सिलिंडर खटकन जागेवर बसला पाहिजे. उशिरा बसत असेल तर गोळी नळीत तिरकी शिरते आणि शिशाचे कपचे बाजूला उडतात. नळीच्या मागच्या तोंडाला भेग असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. सिलिंडरच्या वर चौकटीला जळल्याची बारीक रेघ असते, तिने बिचकू नका, ती थोडी खोल होऊन आपसूक थांबते. 1973च्या आधीचं रुगर सिंगल ॲक्शन असेल तर हॅमर कायम सिलिंडरच्या रिकाम्या घरावर ठेवायचा, नाहीतर पडल्यावर गोळी सुटू शकते. हे काम कंपनी फुकट दुरुस्त करून देते, ते करून घ्याच.

गोळी निवडायला मी जास्त वेळ देत नाही : मऊ टोकाची जॅकेटवाली (वरून तांब्याचं वेष्टण असलेली) 240 ग्रेन, किंवा रुंद सपाट तोंडाची कडक शिशाची. पण जी कोणती घ्याल तिची एक परीक्षा घ्या. एका काडतुसावर पेनाने खूण करा, कॅलिपरने त्याची लांबी लिहून ठेवा, ते सिलिंडरमध्ये शेवटी राहील असं भरा आणि बाकीची उडवून टाका. आता तेच बाहेर काढून पुन्हा मोजा. झटक्यांनी गोळी काडतुसाच्या पुंगळीतून पुढे सरकली असेल, तर एखाद्या दिवशी ती सिलिंडरच्या बाहेर डोकावेल आणि चौकटीत अडून रिव्हॉल्व्हर जाम होईल. पाच-सहा हजारांशाहून जास्त सरकत असेल तर ते खोकं सरावाला एकेक भरून संपवा आणि शिकारीला दुसऱ्या कंपनीचं आणा. हे करताना कानात बोळे आणि वरून मफ दोन्ही हवेत. जंगलात इलेक्ट्रॉनिक मफ लावा, त्यातून पाचोळ्यावरचं पाऊल ऐकू येतं आणि बाराचा आवाज अडतो.