रस्त्यावर चालवायच्या मसल कारसाठी कॅमशाफ्ट कसा निवडावा

जुन्या अमेरिकन व्ही-८ गाडीचा पहिला मोह आवाजाचा असतो. सिग्नलला उभी असताना इंजिन हेलकावे खात धडधडतं, बॉनेट हलतं, शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघतो. हा आवाज मोठ्या कॅमचा. कॅम, म्हणजे कॅमशाफ्ट, हा इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; मोठा कॅम त्यांना जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडे ठेवतो. रस्त्यावरच्या गाड्यांत बसवलेले बहुतेक चुकीचे कॅम या आवाजापायीच विकत घेतलेले असतात. सिग्नल सुटला की कळतं, खालच्या आरपीएमला गाडीत दमच उरलेला नाही.

डेट्रॉइटच्या परिसरात वाहन उद्योगात काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचा ड्रीम क्रूझ पाहिला की आपल्याही गॅरेजात शेव्हरोलेची एखादी शेव्हेल किंवा कॅमेरो असावी असं वाटणं साहजिक आहे. त्यांच्यासाठी, आणि इंजिनाची मनापासून आवड असलेल्या कुणासाठीही, हा लेख. उदाहरण म्हणून एकच गाडी धरू: १९७२ची शेव्हेल, ३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं स्मॉल-ब्लॉक इंजिन, टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या अ‍ॅक्सलला ३.०८ रेशो, पॉवर ब्रेक आणि साधारण २६ इंच व्यासाचे टायर. वजन साडेतीन हजार पौंडांच्या आसपास. रोज नाही, पण शनिवार-रविवारी घरच्यांना घेऊन फिरवायची गाडी.

आधी गाडीची माहिती कागदावर घ्या

कॅमचा कॅटलॉग उघडण्यापूर्वी या गोष्टी लिहून काढा: इंजिनाची क्षमता, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पट दाबतो), कुठली हेड्स (व्हॉल्व्ह बसवलेला सिलिंडरवरचा भाग), गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टरची (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) स्टॉल स्पीड (गाडी ब्रेकवर धरून इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमला जातं), अ‍ॅक्सल रेशो, टायरचा व्यास, गाडीचं वजन, पॉवर ब्रेक आहेत की नाहीत. कॅम बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केलात तर तेही नेमके हेच प्रश्न विचारतात. एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते शोधून मगच पुढे जा. जुन्या गाडीच्या बाबतीत ‘आधीच्या मालकाने सांगितलं’ हे उत्तर धरू नका. अ‍ॅक्सल रेशो तपासायला मागची दोन्ही चाकं वर उचला, गाडी स्टँडवर पक्की करा आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. दोन्ही चाकं एकाच दिशेने बरोबर एक फेरा फिरवली की शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा. तीन फेऱ्यांच्या किंचित पुढे गेला तर ३.०८, पावणेचारच्या जवळ गेला तर ३.७३.

मग इंजिन रस्त्यावर किती आरपीएमला फिरतं ते काढा. ताशी मैल गुणिले अ‍ॅक्सल रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. आपल्या शेव्हेलचं ६५ मैलांना उत्तर साधारण २,५९० येतं. तीच गाडी ३.७३च्या अ‍ॅक्सलवर ३,१३०ला फिरेल. या गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह नाही, टॉप गिअर सरळ एकास एक आहे, म्हणून हा आकडा हायवेवर तासन्‌तास सोबत राहतो. शहरात गाडी १,००० ते ३,००० या पट्ट्यात असते. सहा हजारांच्या वर ती वर्षातून कितीदा जाणार? कॅम या १,००० ते ४,५००च्या पट्ट्यासाठी निवडायचा आहे.

कॅम कार्डावरचे आकडे

प्रत्येक कॅमसोबत त्याच्या मापांचं कार्ड येतं. पहिला आकडा लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो. दुसरा ड्युरेशन, म्हणजे क्रँकशाफ्टच्या किती डिग्री तो उघडा राहतो. ड्युरेशन दोन तऱ्हेने छापलेली असते. मोठा आकडा जाहिरातीचा, आणि तो मोजायला सुरुवात कुठून करायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. दुसरा आकडा लिफ्टर (कॅमवर टेकलेला, त्याची उचल व्हॉल्व्हकडे पोचवणारा तुकडा) ५० थाऊ, म्हणजे ०.०५० इंच उचलला गेल्यापासून मोजलेला असतो. दोन कंपन्यांचे कॅम ताडून बघताना फक्त हाच धरा.

कॉम्प कॅम्सच्या एक्स्ट्रीम एनर्जी मालिकेतले तीन हायड्रॉलिक कॅम (ज्यांचे लिफ्टर तेलाच्या दाबाने मधली फट आपोआप भरून काढतात) घेऊ. एक्सई२५६एच ५० थाऊला इनलेटवर २१२ आणि एक्झॉस्टवर २१८ डिग्री देतो, एक्सई२६२एच २१८ आणि २२४, एक्सई२६८एच २२४ आणि २३०. एक्झॉस्टला सहा डिग्री जास्त दिल्यात, कारण या इंजिनाच्या जुन्या हेड्सची एक्झॉस्ट बाजू कमजोर असते. २६२ची ताकद १,३०० ते ५,६०० आरपीएमच्या पट्ट्यात आहे असं कंपनी सांगते, २६८ची १,६०० ते ५,८००. ढोबळ हिशेब असा, की ५० थाऊला दहा डिग्री वाढल्या की ताकदीचा पट्टा पाचेकशे आरपीएमने वर सरकतो. वर जे मिळतं ते खालून काढून घेतलेलं असतं.

याच्या मुळाशी इनलेट व्हॉल्व्ह बंद होण्याची वेळ आहे, आणि कॅम निवडताना मी सगळ्यात जास्त लक्ष तिच्याकडे देतो. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी इनलेट काही काळ उघडाच असतो. वेगात फिरणाऱ्या इंजिनात आत घुसणाऱ्या हवेला जोर असतो, त्यामुळे उशिरा बंद होणं फायद्याचं ठरतं. हळू फिरणाऱ्या इंजिनात मात्र भरलेली हवा पिस्टन परत इनलेटमध्ये ढकलतो. सायकलच्या पंपाचं तोंड उघडं ठेवून दट्ट्या दाबल्यावर जसा जोर लागत नाही, तसं होतं. कार्डावरचा तिसरा आकडा इनलेटची सेंटरलाइन, म्हणजे पिस्टन माथ्यावरून निघाल्यावर किती डिग्रींनी इनलेट पूर्ण उघडतो. हिशेब सोपा आहे: इनलेटची सेंटरलाइन अधिक निम्मी ड्युरेशन वजा १८०. एक्सई२६८एचची जाहिरातीची ड्युरेशन २६८, सेंटरलाइन १०६, म्हणजे १०६ अधिक १३४ वजा १८०: तळानंतर ६० डिग्रीला इनलेट बंद. २५६साठी हाच आकडा ५४ येतो.

म्हणून कॉम्प्रेशन रेशो माहीत असल्याशिवाय कॅम निवडता येत नाही. जनरल मोटर्सने १९७१पासून कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. आपल्या शेव्हेलमध्ये दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं मूळ ३५० असेल तर ते ८.५ आहे. इतक्या कमी कॉम्प्रेशनवर इनलेट उशिरा बंद करणारा कॅम बसवला, की खालचा टॉर्क पार जातो. कॉम्प्रेशन साडेनऊच्या पुढे असेल तर तोच कॅम चांगला चालतो.

चौथा आकडा लोब सेपरेशन, म्हणजे इनलेट आणि एक्झॉस्ट लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) शेंड्यांमधला कोन. तो १०८ असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, आयडलिंग खडबडीत होतं, इंजिनाने हवा ओढताना तयार होणारा व्हॅक्यूम पडतो. ११२ किंवा ११४ असेल तर इंजिन शांत चालतं. वर दिलेले तिन्ही कॅम ११०चे आहेत. एडेलब्रॉकचा परफॉर्मर कॅम ११२चा आहे, आणि त्याची ड्युरेशनही कमी, २०४ आणि २१४.

कॅम आणि गाडीचं कसं जुळावं लागतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शेव्हरोलेनेच दिलं. १९६७ ते १९६९च्या कॅमेरो झेड/२८मध्ये ३०२ घनइंचाचं इंजिन होतं आणि त्यात ‘थर्टी-थर्टी’ नावाने ओळखला जाणारा सॉलिड लिफ्टरचा (फट हाताने लावावी लागते असा) कॅम, ५० थाऊला तब्बल २५४ डिग्रीचा. दोन्ही व्हॉल्व्हना ३० थाऊ टॅपेट क्लिअरन्स (ती मोकळी फट), म्हणून ते नाव. पण त्याच्या जोडीला ११ कॉम्प्रेशन, चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि ३.७३चा अ‍ॅक्सल होता. शर्यतीच्या नियमांसाठी बांधलेली गाडी होती ती. तोच कॅम आपल्या शेव्हेलमध्ये घातला तर ‘ड्राइव्ह’मध्ये टाकल्याबरोबर इंजिन बंद पडेल.

कन्व्हर्टर आणि ब्रेक

कंपनीच्या टॉर्क कन्व्हर्टरची स्टॉल स्पीड १,६०० ते १,८०० असते. मोठ्या कॅमचं इंजिन कमी आरपीएमवर टिकत नाही, म्हणून आयडलिंग वाढवावं लागतं. ते वाढवलं की गाडी गिअरमध्ये पुढे ओढते आणि सिग्नलला ब्रेकवर पाय दाबून उभं राहावं लागतं. २२४ डिग्रीच्या पुढे जायचं तर २,२०० किंवा त्याहून जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर आणि किमान ३.४२चा अ‍ॅक्सल, हा खर्च कॅमच्या किमतीतच धरा.

पॉवर ब्रेकचं तर आणखी गांभीर्याने घ्या. त्यातला बूस्टर, म्हणजे पायाला मदत करणारा भाग, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. धडधाकट मूळ इंजिन आयडलिंगला १८ ते २० इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम व्यवस्थित देतं. १५च्या खाली गेलं की पेडल कडक व्हायला लागतं, आणि पार्किंगमधून हळू बाहेर पडताना लागोपाठ दोन-तीनदा ब्रेक दाबला तर मदत संपते. घरचे मागच्या सीटवर असताना हे चालणार नाही. डेन्व्हरसारख्या उंच गावात राहत असाल तर दर हजार फुटांना एक इंच आणखी वजा करा. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे पाच इंच तिथेच गेले. तिथे समुद्रसपाटीवरच्या गाडीपेक्षा एक पायरी लहान कॅम घ्यावा.

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी एक गोष्ट: १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला तिथली स्मॉग चाचणी लागत नाही. १९७६ची किंवा नंतरची गाडी असेल तर राज्याची मान्यता असलेलाच कॅम शोधा.

मग या शेव्हेलला कुठला? कॉम्प्रेशन ८.५, मूळ कन्व्हर्टर आणि ३.०८ ठेवायचे असतील तर २०४ ते २१२ डिग्रीच्या मधला, शक्य तर ११२ लोब सेपरेशनचा. पिस्टन आणि हेड्स बदलून कॉम्प्रेशन साडेनऊवर नेणार असाल आणि ३.४२ घालणार असाल तर २१८. दोन कॅममध्ये मन अडकलं तर लहान घ्या. लहान कॅमची गाडी रोज हवीशी वाटते. मोठ्या कॅमची गाडी काही दिवसांनी आच्छादनाखाली उभी राहते, हे मी बऱ्याच गॅरेजांत पाहिलंय.

पैसे देण्याआधी हेड्स मोजा

जुन्या हेडमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की स्प्रिंग धरणारा वरचा रिटेनर व्हॉल्व्हच्या गाइडवरच्या सीलला टेकू शकतो. मूळ हेड्समध्ये ही मर्यादा ०.४६० इंच लिफ्टच्या आसपास येते. व्हॉल्व्हवर हलकी स्प्रिंग लावा, डायल गेज बसवा, रिटेनर सीलला टेकेपर्यंत व्हॉल्व्ह दाबा आणि आकडा घ्या. त्यातून कॅमची लिफ्ट वजा केल्यावर ५०-६० थाऊ उरले पाहिजेत. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्येही पूर्ण लिफ्टला ६० थाऊ जागा हवी. रॉकर (लिफ्टरची उचल वाढवून व्हॉल्व्हला देणारी तरफ) बदलणार असाल तर हिशेब पुन्हा करा. एक्सई२५६एचची इनलेट लिफ्ट मूळ १.५च्या रॉकरवर ०.४४७ आहे, १.६च्या रॉकरवर ती ०.४७७ होते. स्प्रिंग कॅम कार्डावर सांगितलेल्याच घ्या. जुन्या स्प्रिंगांवर नवा कॅम चालवणं ही चुकीची काटकसर आहे.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर इनलेटला ८० थाऊ, एक्झॉस्टला १०० थाऊ. पिस्टनवर मातीचा मऊ गोळा थापून, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढा आणि दबलेली माती कापून जाडी मोजा.

फ्लॅट टॅपेट की रोलर

१९८७पूर्वीच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये कंपनीचे लिफ्टर फ्लॅट टॅपेटच, म्हणजे लोबवर घासत चालणारे, होते. तळाला चाक असलेला रोलर बसवता येतो, घर्षण कमी होतं आणि नव्या कॅमच्या पहिल्या वीस मिनिटांची (ती शेवटी सांगतो) धास्ती उरत नाही, पण खर्च कितीतरी वाढतो. परवडत असेल तर रोलरच घ्या.

फ्लॅट टॅपेट घेतलात तर त्याची रचना समजून घ्या. लोबला अगदी किंचित उतार असतो आणि लिफ्टरचा तळ किंचित फुगीर, त्यामुळे लिफ्टर आपल्या जागी गोल फिरत राहतो. फिरला नाही तर लोब खरवडून जातो. म्हणून नव्या कॅमवर लिफ्टर नवेच. इनटेक मॅनिफोल्ड बसवण्याआधी प्रत्येक लिफ्टरवर मार्करने रेघ मारा, क्रँक हाताने फिरवा आणि वरून बघत राहा. रेघ सरकली पाहिजे. एखादी जागची हलत नसेल तर तो लिफ्टर बाहेर काढून भोक तपासा, तसंच पुढे जाऊ नका.

तेलाकडेही लक्ष हवं. २००४मध्ये आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून रोजच्या पातळ तेलांतलं फॉस्फरस, आणि त्याबरोबर लोबला वाचवणारं झिंकचं संयुग, कमी झालं. ब्रेक-इनसाठी, म्हणजे नवा कॅम पहिल्यांदा चालवण्यासाठी, वेगळं मिळणारं तेलच वापरा आणि लोबला कॅमसोबत आलेली पेस्ट हात राखून न ठेवता लावा.

बसवताना डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावून इनलेट सेंटरलाइन कार्डाप्रमाणे आहे का ते मोजा. चेनच्या स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळल्या म्हणून कॅम बरोबर बसला असं होत नाही.

सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवून सगळ्या रॉकरपर्यंत तेल आणा. कूलंट भरा, टायमिंग लावून ठेवा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल असू द्या. इंजिन पहिल्याच प्रयत्नात पकडलं पाहिजे, कारण नुसतं स्टार्टरवर फिरवत राहिल्याने लोबवरची पेस्ट पुसली जाते. चालू झालं की लगेच २,०००च्या वर न्या आणि २० ते ३० मिनिटं २,००० ते २,५००च्या दरम्यान वरखाली करत ठेवा. आयडलिंगला येऊ देऊ नका. गळती दिसली तर आयडलिंगला न आणता सरळ बंद करा, दुरुस्त करा आणि पुन्हा सुरू करून उरलेली मिनिटं पूर्ण करा. मग तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून त्याचा कागद पसरून बघा: अगदी बारीक करडी भुकटी चालते, चमकणारे कण चिमटीत लागले तर व्हॉल्व्ह कव्हर उघडून प्रत्येक व्हॉल्व्हची लिफ्ट डायल गेजने मोजा आणि कमी भरणारा लोब शोधा.